मूठ वर होईपर्यंत

ऑर्गनवाल्याला मेहुण्याचा जीव घ्यायचा होता. रागाच्या भरात माणसं म्हणतात तसं नाही, खरोखरच.

हा माणूस आठवडाभर गॅरेजात गाड्यांचे पोचे काढायचा. हातात हातोडा, पुढ्यात पत्रा आणि दिवसभर ठोकाठोकी. रविवारी तेच हात घासून धुवायचा, चर्चच्या ऑर्गनवर ठेवायचा आणि गॉस्पेलची गाणी अशी वाजवायचा की गुडघे धरून आलेली म्हातारी माणसंही बाकावर टिकत नसत. तर एका दुपारी गॅरेजात निरोप आला. तुझी बहीण दवाखान्यात आहे, पोटातलं मूल गेलं, जिन्यावरून पडली म्हणे. आता बोला. बहीण राहायची तळमजल्यावर. त्या घराला जिना सोडा, धड पायरीसुद्धा नव्हती.

तो हातोडा घेऊनच निघाला. मेहुणा टायरच्या दुकानात कामाला होता. दुकानापुढं उभा राहून ऑर्गनवाला म्हणाला, "भाऊजी, जरा बाहेर या." बघा, जीव घ्यायला गेला तरी तोंडातलं अहो-जाहो सुटलं नाही. लग्न लावून दिल्यापासूनची सवय ती. पहिला घाव मेहुण्याच्या खांद्यावर बसला. दुसरा बसायच्या आत मेहुण्यानं टायर उचकटायची पहार फिरवली आणि ऑर्गनवाल्याच्या दोन बरगड्या गेल्या. तो खाली पडला तरी लाथा थांबल्या नाहीत. शेजारच्या दुकानांतली माणसं धावली, चौघांनी मेहुण्याला मागून धरलं, म्हणून ऑर्गनवाला वाचला.

आणि पुढच्याच रविवारी दोघं एका मंचावर. एकाच्या छातीला पट्टा, दुसऱ्याचा खांदा काळानिळा. कारण मेहुणा चर्चचा ड्रम वाजवायचा. काय वाजवायचा, हेही कबूल करायला हवं. असा हात आसपासच्या कुठल्याही चर्चमध्ये नव्हता. ऑर्गनशिवाय उपासना होत नाही आणि ड्रमशिवाय ऑर्गन लंगडा. मग पाळकसाहेबांनी दोघांना आतल्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं, "घरातलं भांडण फाटकाबाहेर ठेवून या." ठेवलं त्यांनी. उपासना संपली की फाटकाबाहेर ठेवलेलं ते भांडण मेहुणा उचलून घरी न्यायचा आणि बायकोवर काढायचा.

बहिणीला माहेरी आणूनही झालं होतं एकदा. ऑर्गनवाल्याच्या दाराची कडी मोडून मेहुणा आत आला होता, केसांना धरून तिला रस्त्यावरून फरफटत घेऊन गेला होता. तेव्हापासून तो दुकानात जाताना घराला बाहेरून कुलूप लावायचा. किल्ली आपल्या खिशात. रविवारी तेवढी तिला बाहेरची हवा. तीही तिसऱ्या बाकावर, ड्रमवरून सरळ नजर पडेल अशा जागी.

शिवाय सासू होतीच. चर्चच्या दारांवर पांढरे हातमोजे घालून ज्या बायका उभ्या असतात, येणाऱ्याला जागा दाखवतात, रडणाऱ्याला रुमाल देतात, त्यांची ती मुख्य. दवाखान्यात जिन्याची थाप हिनंच मारली होती. फरशीवरचं रक्तही हिनंच पुसलं होतं. ऑर्गनवाला तिला तोंडावर काकू म्हणायचा आणि मनात काय म्हणायचा ते इथं सांगण्यासारखं नाही.

एका रविवारी गाणी सुरू व्हायच्या आधी बहीण हात धुवायच्या निमित्तानं मागच्या नळावर आली. ओठ फुटलेला होता, त्यावर तिनं पावडर थापली होती.

"दादा, पुन्हा दिवस गेलेत."

"त्याला माहीत आहे?"

"अजून नाही. मागच्या वेळी कळलं तेव्हाच लाथ बसली. म्हणतो, हे माझं नाहीच." तिनं नळ आणखी मोठा सोडला. "हे पोर मला हवंय दादा."

"मी त्याला संपवतो. या वेळी पहिला घाव डोक्यातच घालतो."

"म्हणजे तू तुरुंगात आणि मी त्याच्या आईच्या ताब्यात. शहाणाच आहेस. त्यापेक्षा ऐक. मावशीच्या गावाची गाडी दुपारी एकदाच सुटते, याच रस्त्यानं जाते. मावशीचं घर त्यानं पाहिलेलं नाही. पुढच्या रविवारी मी त्या गाडीत बसणार."

"आणि तो काय बघत बसेल?"

"तो वाजवत बसेल," बहीण म्हणाली. "धाव सुरू झाली की तो कधी उठलाय? तू फक्त मूठ वर करू नकोस."

इतकी वर्षं त्या ऑर्गनवर घासली ऑर्गनवाल्यानं, पण हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

धाव म्हणजे काय, ते सांगायला हवं. पाळक बोलता बोलता तापतात, ऑर्गन त्यांच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देतो, मग मंडळींतून कुणीतरी ओरडून उभं राहतं. म्हणजे त्याच्यावर पवित्र आत्मा उतरला. त्या क्षणी ऑर्गन उडी घेतो, ड्रम दुप्पट वेगानं सुटतो आणि सगळं चर्च टाळ्या वाजवत नाचायला लागतं. ही धाव. कुणी भान हरपून हातपाय झाडायला लागलं तर हातमोजेवाल्या बायका हातात हात अडकवून त्याच्याभोवती कडं करतात. त्याला लागू नये, इतरांना लागू नये म्हणून. तो शांत झाल्याशिवाय कडं सुटत नाही. आणि धाव थांबवायचा हक्क एकट्या ऑर्गनवाल्याला. त्याची मूठ वर गेली की सगळं एका ठोक्यात बंद. मूठ वर जात नाही तोवर ड्रमवाल्यानं उठायचं नाही, तहान लागो नाहीतर हाताला फोड येवोत. तसला रिवाज होता, आणि मेहुण्याला त्याचा माज होता. मी कधी अर्ध्यावर काठी ठेवली नाही, असं तो छाती ठोकून सांगायचा.

पुढचा आठवडा ऑर्गनवाल्यानं गॅरेजात नुसता पत्रा बडवला. एका गाडीचा पोचा काढायच्या ऐवजी दार भोसकून ठेवलं. मालकानं आईवरून शिव्या दिल्या, यानं ऐकून घेतल्या.

रविवार आला. बहीण तिसऱ्या बाकावर, पर्स मांडीवर. एका बाजूचं दार थेट रस्त्यावर उघडायचं, आणि त्या दारापाशी नेमकी सासू उभी. दुसऱ्या कुठल्याही बाईला काहीतरी थाप मारता आली असती. या बाईला थापा मारायला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ऑर्गनशेजारी खिडकी होती, तिच्यातून रस्त्याचं वळण दिसायचं. ऑर्गन जुना, दोन मजली पट्ट्यांचा, खाली पायानं दाबायच्या खर्जाच्या पट्ट्या. वरचं लाकडी झाकण इतकं जड की त्यानं स्वतः पत्र्याची एक पट्टी ठोकून ते उभं राहील असं केलं होतं. पलीकडे ड्रमभोवती पारदर्शक प्लास्टिकच्या उभ्या पाट्या होत्या, आवाज कोंडून ठेवायला. त्या पिंजऱ्यात मेहुणा बाह्या वर करून बसलेला.

पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. त्यांना रंगात यायला वेळ लागतो, आणि आज वेळ नव्हता. मग ऑर्गनवाल्यानं त्यांना खालून ढोसायला सुरुवात केली. त्यांचं वाक्य संपायच्या आधीच उत्तर, प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा वर. पाळकसाहेबांनी एकदा चमकून मागं पाहिलं, पण माणूसच तो, चढला. कपाळ पुसायला लागला. मग ऑर्गनवाल्यानं मंडळींतली शिवणवाली हेरली. ही बाई एका विशिष्ट चढणीला हमखास उभी राहते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं ती चढण वाजवली. बाई हलली. पुन्हा वाजवली. शिवणवालीनं दोन्ही हात वर फेकले आणि किंकाळी फोडली.

ड्रम फुटला म्हणा ना. धाव सुरू झाली.

बाक सरकले, लहानमोठे सगळे उभे राहिले, टाळ्यांनी भिंती हादरायला लागल्या. मेहुण्यानं डोळे मिटले होते. त्याच्या काठ्या दिसत नव्हत्या, नुसती पांढरी रेघ दिसत होती. ऑर्गनवाल्याला त्याचा तिरस्कार वाटत होता आणि त्याच वेळी त्याचे पाय त्या ठेक्यात बरोबर पडत होते. हेच त्याला सगळ्यात जास्त झोंबायचं. ज्यानं बहिणीचं मूल मारलं, त्याच्याच हातांबरोबर आपले हात इतके जुळावेत.

बहीण हात वर करून नाचायला लागली. नाचत नाचत बाकाबाहेर आली, बाजूच्या वाटेला लागली, दाराकडे सरकली. सासूनं तिला पाहिलं. ऑर्गनवाल्याची बोटं एक क्षण चुकली. सासू सुनेच्या पर्सकडे बघत होती. पर्स नेहमीपेक्षा फुगलेली होती. मग सासूनं पिंजऱ्यातल्या मुलाकडे पाहिलं, त्याचे डोळे मिटलेले आहेत ना हे नीट पाहिलं, हातमोजा घातलेल्या हातानं दार उघडलं आणि सून बाहेर गेल्यावर पुन्हा लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली.

ऑर्गनवाल्याला रडू फुटलं. वाजवता वाजवता रडायची तिथं लाज नसते, ते एक बरं.

मेहुण्यानं डोळे उघडले ते थोड्या वेळानं. पहिल्यांदा तो हसला, सगळ्यांकडे बघून. मग तिसरा बाक. मग मागची रांग, कडेची वाट, गाणाऱ्या बायका. पुन्हा तिसरा बाक. त्यानं ऑर्गनवाल्याकडे पाहिलं आणि हनुवटी उडवली. बंद कर, असं. ऑर्गनवाल्यानं दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि सूर एक घर वर चढवला.

आता मेहुणा मारायला लागला. त्याला वाजवणं म्हणत नाहीत. तो ठेका मोडायला बघत होता, वेग इतका वाढवत होता की ऑर्गन मागं पडावा, लोक दमावेत. ऑर्गनवाला मागं पडला नाही. बरगड्या अजून नीट जुळल्या नव्हत्या, प्रत्येक श्वासाला आत सुरी फिरत होती, तरी पडला नाही. लोकांना काय, त्यांना वाटलं आज दोघं पेटलेत. एक काठी मोडली, तिचा तुकडा पाटीवर आपटला. मेहुण्यानं दुसरी घेतली. त्याच्या अंगठ्याजवळचं कातडं सोललं आणि पांढऱ्या ड्रमवर लाल शिंतोडे उडायला लागले. तो ओरडून काहीतरी विचारत होता. तोंडाच्या हालचालीवरून कळत होतं. कुठंय ती?

ऑर्गनवाल्यानं खिडकीतून पाहिलं. वळण रिकामं होतं.

मग मेहुण्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. काठ्या फेकल्या. समोरच्या पाटीवर लाथ घातली, ती तडकून मंचावर पडली. झांजेचा स्टँड उचलून त्यानं दुसरी पाटी फोडली आणि तुकड्यांवरून चालत तो ऑर्गनकडे आला. ड्रम थांबला, पण टाळ्या थांबल्या नाहीत. थांबणार कशा, मूठ वर गेली नव्हती. उलट लोकांना वाटलं, आज ड्रमवाल्यावर आत्मा उतरला. हालेलूयांचा नुसता पाऊस पडला.

"कुठं घालवलीस तिला?"

"भाऊजी, जागेवर बसा."

"मूठ वर कर."

"नाही करत जा," ऑर्गनवाला म्हणाला. "काय करशील ते कर." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मेहुण्याला अरे-तुरे केलं.

मेहुण्यानं पत्र्याची पट्टी उखडली आणि झाकण दोन्ही हातांनी खाली आणलं.

हाडं मोडल्याचा आवाज ऑर्गनवाल्याला ऐकू आला नाही, कारण झाकणाखाली चिरडलेल्या बोटांनी पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या आणि ऑर्गननं असा टाहो फोडला की खिडकीच्या काचा वाजल्या. ऑर्गनचं असंच आहे. पट्टी दाबलेली आहे तोवर तो गप्प बसत नाही. मेहुण्याला आवाज बंद करायचा होता, म्हणून तो झाकणावर सगळं अंग टाकून रेलला. तो जितका रेलला तितका ऑर्गन विव्हळत राहिला. मूर्खाच्या डोक्यात येईना की झाकण उचललं तरच हे थांबेल. खाली मंडळी बेभान झाली होती. ऑर्गनवाला किंचाळत होता, आणि त्याच्या किंकाळीला लोक आमेन म्हणत होते.

शेवटी त्यालाच ते उमगलं आणि झाकण वर झालं. हात बाहेर आले ते हातांसारखे नव्हते. बोटं भलत्याच दिशांना गेली होती, एका नखाखालून रक्ताची धार लागली होती. मेहुण्यानं त्याची कॉलर धरली आणि तोंडावर ठोसा घातला, मग आणखी एक. त्यानं डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी ऑर्गनवाल्यानं एक गोष्ट केली. पाय हलवले. खर्जाच्या पट्ट्या पायांखाली होत्या आणि पाय शाबूत होते. धम्, धम्, धम्, धम्. टाळ्यांनी तो ठेका उचलला.

मेहुणा त्याला सोडून मंचावरून खाली उडी मारून वळला. दाराकडे.

"कडं करा," सासू ओरडली.

ती केव्हा पुढं आली होती कुणाला कळलं नाही. तिच्या मागं पाचसहा पांढरे हातमोजे. "आत्मा उतरलाय माझ्या लेकावर. लागेल त्याला. कडं करा." बायकांनी मनोभावे हात अडकवले आणि मेहुणा मध्ये सापडला. बाकीच्यांना खरंच तसं वाटत होतं. हिला नव्हतं वाटत. ही लेकाला ओळखून होती, आणि लेकाच्या बापालाही ओळखून होती, ज्यानं तिचा एक कान कायमचा बहिरा केला होता.

"आई, सोड. ती पळाली. सोड मला."

"शांत हो बाळा," ती म्हणाली.

त्यानं तिच्या तोंडावर मारलं. तिचा ओठ फाटला, तिनं शेजारणीचा हात सोडला नाही. त्यानं खांद्यानं धडक दिली, कडं मागं सरकलं, पुन्हा मिटलं. त्यानं तिच्या नडगीवर लाथ घातली. "प्रभू, शांत कर याला," शेजारची बाई डोळे मिटून म्हणत होती, आणि सासूच्या हनुवटीवरून रक्त हातमोज्यावर ठिबकत होतं.

ऑर्गनवाला पाय हलवत होता आणि खिडकीकडे बघत होता. वळणावर गाडी आली. हळूहळू आली, जणू कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं. मधल्या खिडकीत बहीण होती. तिनं चर्चकडे पाहिलं नाही. पर्स पोटाशी धरून ती समोर बघत होती. गाडी वळण पार करून गेली आणि रस्ता पुन्हा मोकळा झाला.

त्यानं पाय उचलले. ऑर्गन गप्प झाला, टाळ्या मात्र चालूच. लोक त्याच्याकडे बघत होते, मूठ कधी वर होते याची वाट बघत. त्यानं उजवा हात उचलला. बोटं मिटेनात. डावा उचलला, तोही तसाच. दोन्ही फुटके हात वर धरून तो उभा राहिला, आणि लोक आणखी जोरात टाळ्या पिटायला लागले.

सासूनं कड्यातून त्याच्याकडे पाहिलं. गेली का, असं डोळ्यांनीच विचारलं. त्यानं मान डोलावली. तिनं शेजारणीचा हात सोडला आणि रक्तानं भिजलेली मूठ वर केली.

मूठ कुणाची हे कुणी पाहिलं नाही, सगळं थांबलं. मेहुणा कड्याच्या मध्ये धापा टाकत उभा होता. आता लोकांना पाट्यांचे तुकडे दिसले, ऑर्गनवाल्याचे हात दिसले. कुणीतरी तोंडावर हात नेला. पाळकसाहेब आपल्या प्रवचनाची पानं बघत होते.

सासूनं हातमोजे काढले, नीट घडी करून खिशात ठेवले आणि मुलाचा दंड धरला. "चल घरी."

ऑर्गनवाला कसाबसा मंचावरून उतरला. बोटांतून रक्त गळत होतं. तो मायलेकांच्या मध्ये येऊन उभा राहिला, कारण हातांचा उपयोग नव्हता, अंग तेवढं मध्ये घालता येत होतं. "काकू, तुम्ही याच्याबरोबर जायचं नाही. माझ्याकडे चला. तो मारून टाकेल तुम्हाला."

"मी घरी गेले नाही तर हा तिला शोधायला निघेल," ती म्हणाली. "मी समोर असले की आधी माझ्यावर निघेल सगळं. तेवढा वेळ मिळेल पोरीला. बाजूला हो."

तो हलला नाही. तिनं त्याला हळूच, मोडक्या हातांना धक्का लागणार नाही अशा बेतानं बाजूला केलं आणि लेकाला घेऊन दाराबाहेर पडली. चर्चभर माणसं उभी होती आणि एकानंही तिला अडवलं नाही. ऑर्गनवाला त्यांच्याकडे बघून ओरडला, "अरे, कडं करा कुणीतरी." पण धाव संपली होती, आणि कडं फक्त धावेत करतात.